हौदा उचलणारी छोटी गाडी आणि जाड केबल

इंदूरला सांवेर रोडवर खडी, वाळू, भंगार वाहणाऱ्या छोट्या गाडीला हौदा उचलायला हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारा) जॅक लावायचा म्हटलं की जॅक किती टनाचा, एवढीच चर्चा होते. बॅटरीपासून तेलपंपाच्या मोटरपर्यंतची केबल किती जाड, हे कुणी विचारत नाही. काम बिघडतं ते बहुतेक वेळा तिथेच.

हिशेब पाहा. ६३ मिलिमीटर बोअरचा (आतल्या व्यासाचा) जॅक १५० बार दाबावर साधारण पावणेपाच टन जोर लावतो. सव्वा-दीड टनाच्या मालाला हे जास्त वाटेल, पण सुरुवातीला जॅक जवळजवळ आडवा असतो, तेव्हा त्यातला थोडाच जोर वर लागतो. ५०० मिलिमीटर स्ट्रोकला (जॅकच्या दांड्याच्या पूर्ण चालीला) दीड लिटरहून थोडं जास्त तेल. पंप मिनिटाला ५ लिटरचा असेल तर १९ सेकंदांत हौदा वर. त्यासाठी १२ व्होल्टची मोटर १५०-१६० अँपियर ओढते.

आता पॉवर पॅक, म्हणजे मोटर, पंप आणि तेलटाकीचा संच, बॅटरीपासून ५ मीटरवर आहे असं धरा. जाऊन-येऊन १० मीटर तांबं. १६ चौरस मिलिमीटरच्या केबलमध्ये जवळजवळ १.८ व्होल्ट वाटेतच जातात, ३५ च्या केबलमध्ये सुमारे ०.८. ३५ पेक्षा बारीक टाकूच नका, आणि पॅक बॅटरीच्या जितका जवळ बसवता येईल तितका बसवा. अर्थची (परतीची) केबलसुद्धा तेवढीच जाड, थेट बॅटरीपर्यंत. चेसिसच्या गंजलेल्या बोल्टवर अर्थ मारणं म्हणजे अर्धी मेहनत वाया. लग (केबलच्या टोकाची तांब्याची टोपी) हातोड्याने चेपू नका. हायड्रॉलिक क्रिम्परनेच दाबा.

व्होल्टेज पडलं की करंट कमी होत नाही, तो तेलाच्या दाबावर ठरतो. मोटर फक्त हळू फिरते, जास्त वेळ चालते आणि तापते. त्याहून वाईट म्हणजे सोलेनॉइडची (बटण दाबल्यावर मोटरचा करंट जोडणाऱ्या चुंबकी स्विचची) कॉइल ढिली पडते, कॉन्टॅक्ट थरथरतात, ठिणग्या उडतात आणि कॉन्टॅक्ट चिकटून बसतात. मग बटण सोडलं तरी पंप चालूच! म्हणून ड्रायव्हरच्या हाताशी बॅटरी कट-ऑफ स्विच हवाच, आणि बॅटरीच्या प्लस टोकापासून वीतभर अंतरात २०० ते २५० अँपियरचा फ्यूज.

हौदा उचलताना इंजिन चालू ठेवा. एका उचलीला जेमतेम १ अँपियर-तास जातो, तो अल्टरनेटर पुढच्या फेरीत भरून काढतो. दिवसाला पंचवीस-तीस उचली असतील तर मात्र इलेक्ट्रिकच्या नादी न लागता गिअरबॉक्सवरून पीटीओ पंप (इंजिनाच्या जोरावर फिरणारा) घ्या. या मोटरी सतत चालण्यासाठी नसतातच.

तेल व्हीजी ४६ (हा तेलाच्या घट्टपणाचा नंबर), इंदूरच्या मे महिन्याला तेच बरं. पातळी जॅक पूर्ण खाली असताना बघायची. वर असताना टाकी भरली तर हौदा उतरताना तेल बाहेर येतं. जोडांवर टेफ्लॉन टेप नको. त्याचा एखादा धागा चेक व्हॉल्व्हमध्ये (तेल मागे येऊ न देणाऱ्या झडपेत) अडकला की उभा हौदा हळूहळू खाली सरकतो. रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचा दाब सोडणारी झडप) प्रेशर गेज लावूनच सेट करा, अंदाजाने पिळू नका.

हौद्याखाली हात घालण्याआधी लोखंडी टेकू, दरवेळी. तो चेसिसला बिजागरीनेच जोडून टाका, म्हणजे घरी राहणार नाही. आणि मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ खाली असा बदल आरटीओला विचारल्याशिवाय करता येत नाही. वेल्डिंग सुरू होण्याआधीच ते उरकून घ्या.