हिंदीत उत्तरे, मराठीत अभ्यास : नोकरी सांभाळून केलेल्या एम.ए.चा माझा अनुभव

बी.कॉम. होऊन एकवीस वर्षे झाल्यानंतर, हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात अकाउंट्सचे काम करत असताना, मी २०२२ च्या जुलै सत्रात इग्नूच्या, म्हणजेच इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या, एम.ए. इतिहास या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. बारावीनंतरच मला इतिहास घ्यायचा होता. परंतु घरची परिस्थिती पाहता लवकर नोकरी मिळेल असे शिक्षण घेणे गरजेचे होते आणि तो निर्णय चुकला असे मी आजही म्हणणार नाही. मात्र नागपूरच्या महाल भागात वाढलेल्या, भोसल्यांच्या वाड्यावरून रोज शाळेत गेलेल्या मुलीच्या मनातून इतिहास जात नाही. संसदेच्या कायद्याने १९८५ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठात कोणत्याही शाखेच्या पदवीधराला इतिहासाचे एम.ए. करता येते, हे एका सहकाऱ्याकडून कळले तेव्हा मुलगा नववीत होता, सासूबाईंची तब्येत बरी होती आणि मला वाटले की आता नाही तर कधीच नाही.

प्रवेशाचे सर्व सोपस्कार ऑनलाइन झाले. फोटो, सही, पदवीचे प्रमाणपत्र आणि गुणपत्रिका स्कॅन करून चढवायची, शुल्क भरायचे आणि वाट पाहायची. त्यात सांगण्यासारखे विशेष काही नाही. खरा विचार करायला लावणारा एकच रकाना होता आणि तो माध्यमाचा होता. तिथे इंग्रजी आणि हिंदी असे दोनच पर्याय होते. माझे शिक्षण मराठी माध्यमात झाले आहे. इंग्रजी कामापुरते वाचता येते, पण पाचशे शब्दांचे उत्तर त्या भाषेत लिहिण्याची सवय नाही. हिंदी तर नागपूरच्या हवेतच आहे, बाजारात, बसमध्ये, ऑफिसात आम्ही दिवसभर ती बोलतो, त्यामुळे मी विश्वासाने हिंदीवर खूण केली. बोलायची हिंदी आणि लिहायची हिंदी यांत किती अंतर आहे, हे मला त्या क्षणी माहीत नव्हते.

हा अभ्यासक्रम चौसष्ट क्रेडिटचा आहे आणि एका क्रेडिटमागे तीस तासांचा अभ्यास धरलेला असतो. हिशेब करणे हे माझे रोजचेच काम असल्यामुळे पहिल्याच दिवशी मी तो मांडला. एकूण १,९२० तास होतात. किमान मुदत दोन वर्षांची आहे, तेवढ्यात संपवायचे तर रोज अडीच तासांहून थोडे जास्त आणि कमाल मुदतीत, म्हणजे चार वर्षांत, संपवायचे तर रोज सव्वा तासाच्या किंचित वर. घर आणि ऑफिस सांभाळून अडीच तास रोज निघणे शक्य नव्हते, हे मी स्वतःशी आधीच कबूल केले आणि घरातही तसे सांगून टाकले. नोकरी करणाऱ्याने प्रवेश घेण्याआधी हा हिशेब एकदा कागदावर करावा असे मला फार मनापासून वाटते, कारण माझ्या ओळखीत ज्यांचे शिक्षण मध्येच सुटले त्यांना विषय जड गेला नव्हता, तर दोन वर्षांत पदवी मिळणारच असे गृहीत धरल्यामुळे पहिल्या अपयशातच त्यांचा धीर सुटला होता.

माझे तास मला मेट्रोने दिले. सुरुवातीला मी सीताबर्डीपर्यंत बसने येऊन तिथून लोकमान्य नगरची मेट्रो पकडत असे. डिसेंबर २०२२ मध्ये पुढचा मार्ग सुरू झाल्यावर चितार ओळी चौकापासून थेट जाता येऊ लागले. जाण्यायेण्याचा मिळून तास-सव्वा तास वाचनाला मिळे. जागा मिळाली तर छापील पुस्तिका, नाही मिळाली तर मोबाइलवर ई-ज्ञानकोश या इग्नूच्या ऑनलाइन संग्रहातील त्याच पुस्तिकेची पीडीएफ, असा क्रम ठरला. भारतीय अर्थव्यवस्थेच्या इतिहासातले कापसाचे प्रकरण मी असेच उभ्याने वाचले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस मँचेस्टरला मिळेनासा झाला, मागणी हिंदुस्थानाकडे वळली, १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली आणि १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल इथे सुरू झाली, ही साखळी डोक्यात जुळत असतानाच डब्यात ‘पुढील स्थानक कॉटन मार्केट’ अशी घोषणा झाली. माझे आजोबा त्या मिलमध्ये कामाला होते. घरात मिलचा भोंगा, पाळी आणि पगाराचा दिवस यांच्याच गोष्टी ऐकल्या होत्या. त्यांच्या पाळीचा संबंध मँचेस्टरशी आणि अमेरिकेतील युद्धाशी होता, हे कोणी सांगितले नव्हते. त्या दिवशी मी स्थानकावर उतरून बाकावर बसले आणि ते पान पुन्हा पहिल्यापासून वाचले.

वाचन जमू लागले, पण लेखन अडले. प्रत्येक विषयाची एक असाइनमेंट असते, तिच्यात पाच प्रश्नांची उत्तरे प्रत्येकी सुमारे पाचशे शब्दांत स्वतःच्या हाताने लिहायची असतात. चार विषयांची वीस उत्तरे, म्हणजे दहा हजार शब्द. दिवसभर टॅलीमध्ये आकडे भरणाऱ्या माझ्या बोटांना पेनची सवयच राहिली नव्हती. त्यातच माझ्याकडून एक चूक घडली. संकेतस्थळावरून प्रश्नपत्रिका उतरवताना मी मुखपृष्ठावर छापलेले सत्र पाहिले नाही आणि आदल्या सत्राच्या प्रश्नांची दोन विषयांची दहा उत्तरे लिहून मोकळी झाले. जमा करायच्या आठवडाभर आधी हे लक्षात आले तेव्हा मी खरोखर रडले. ती दहा उत्तरे बाजूला ठेवून, रोज रात्री दोन-दोन अशी नवी लिहून काढली. नव्याने प्रवेश घेणाऱ्या प्रत्येकाला मी सत्राची ती एक ओळ बोट ठेवून वाचायला सांगते.

त्याच आठवड्यात एका झेरॉक्सच्या दुकानात मला तयार असाइनमेंट विकत देऊ केल्या गेल्या. कोणाच्या तरी अक्षरात लिहिलेल्या, फक्त नाव आणि एन्रोलमेंट नंबर घालायचा बाकी. थकलेल्या माणसाला मोह व्हावा अशीच ती वेळ होती. मी त्या घेतल्या नाहीत आणि कोणी घेऊ नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. नियमभंगाचा भाग तर आहेच, पण ज्या शिक्षणात रोजचा वर्ग नाही, फळा नाही, समोर शिक्षक नाही, तिथे आपल्या हाताने लिहिलेले उत्तर आणि त्यावर कोणीतरी मारलेला लाल शेरा एवढाच शिक्षकाशी येणारा संबंध असतो. तोच विकत घेतला तर मग शिकायचे कुठे?

माझ्या बाबतीत तर सगळे शिक्षण एका लाल वर्तुळापासून सुरू झाले. मुघलकालीन महसूल व्यवस्थेवरच्या उत्तरात मी ‘राजस्व यंत्रणा’ असे लिहिले होते. तपासणाऱ्या प्राध्यापकांनी ‘यंत्रणा’भोवती वर्तुळ काढून शेजारी ‘व्यवस्था’ असे लिहिले आणि खाली प्रश्नचिन्ह केले. मी शब्दकोश उघडला तेव्हा कळले की हिंदीत ‘यंत्रणा’ म्हणजे यातना. मग मी आपलेच उत्तर पुन्हा नीट तपासले. ‘संशोधन’ हा शब्द मी चार वेळा वापरला होता. भारत इतिहास संशोधक मंडळाचे नाव ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला त्यात शंका येण्याचे कारण नाही, परंतु हिंदीत ‘संशोधन’ म्हणजे दुरुस्ती, जसे ‘संविधान संशोधन’. आपण ज्याला संशोधन म्हणतो ते तिकडे ‘शोध’ किंवा ‘अनुसंधान’. ‘शिक्षा’ म्हणजे तिकडे शिक्षण, हे माहीत होते. ‘राजीनामा’ म्हणजे तडजोडीचा करार, हे माहीत नव्हते. एकच लिपी आणि एकच संस्कृत मुळे असल्यामुळे परक्या भाषेत लिहीत असल्याची जाणीवच होत नाही आणि चुका तिथेच होतात.

त्या रात्री मी मुलाच्या जुन्या वहीची कोरी पाने काढून शब्दवही सुरू केली. डावीकडे पुस्तिकेतला हिंदी शब्द, उजवीकडे आपला शब्द आणि खाली एका वाक्यात अर्थ. सामंतवाद म्हणजे सरंजामशाही, पूँजीवाद म्हणजे भांडवलशाही, उपनिवेशवाद म्हणजे वसाहतवाद, अभिलेख म्हणजे कोरीव लेख, भू-राजस्व म्हणजे जमीन महसूल. या वहीचा उपयोग भाषांतरापुरता नव्हता. उजव्या रकान्यातला शब्द सापडेपर्यंत डाव्या रकान्यातली कल्पना मला कळलेली नाही, हे ती वही निमूटपणे दाखवून देत असे. मग मी अभ्यासाची पद्धतच बदलली. प्रकरण हिंदीत वाचायचे, पुस्तिका मिटायची, त्याचा आशय मराठीत एका पानात मांडायचा आणि त्या मराठी पानावरून हिंदी उत्तर लिहायचे. वेळ दुप्पट लागे. परंतु मराठीत जे मला सांगता आले ते परीक्षेत कधीही विसरले नाही.

पहिली सत्रांत परीक्षा जून २०२३ मध्ये होती. नागपूरचा जून ज्यांनी पाहिला आहे त्यांना वेगळे सांगायला नको. नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, नुकताच संपलेला, कूलरसमोर बसावे तर वाऱ्याने पाने उडत आणि कूलर बंद करावा तर घामाने कागद भिजे. शेवटी पाट्यावरचा वरवंटा वहीवर ठेवून अभ्यास केला. दुपारच्या पेपरला डोक्याला ओढणी बांधून निघताना सासूबाई पर्समध्ये कांदा टाकून देत. तीन विषय निघाले, ‘आधुनिक विश्व’ राहिला. सत्रांत परीक्षेला सत्तर टक्के भार आणि असाइनमेंटला तीस टक्के, पण दोन्हींत स्वतंत्रपणे चाळीस टक्के मिळावे लागतात. मला पेपरात छत्तीस गुण मिळाले होते.

हा निकाल मला फार लागला. पण कारण शोधल्यावर ते स्पष्ट दिसले. तीन तासांत पाच उत्तरे, म्हणजे एका उत्तराला छत्तीस मिनिटे मिळतात आणि मला एका उत्तराला पाऊण तासाच्या वर लागत होता, त्यामुळे पाचवे उत्तर दहा ओळींचे झाले. दुसरे कारण अधिक मुळातले होते. औद्योगिक क्रांतीवरच्या प्रश्नात ‘आलोचनात्मक परीक्षण कीजिए’ असे विचारले होते आणि मी फक्त माहिती लिहून आले होते. शाळेपासून आपल्याला इतिहास म्हणजे कारणे आणि परिणाम, मुद्दे एक ते सात, असाच शिकवला गेला. एम.ए.ला मुद्दे पाठ असणे पुरत नाही. एकाच घटनेकडे दोन इतिहासकार वेगळे का पाहतात, त्यांनी कोणती साधने वापरली आणि आपल्याला कोणाचे म्हणणे पटते, हे सांगावे लागते.

इग्नूत अधूनमधून होणाऱ्या मार्गदर्शनाच्या वर्गांना समुपदेशन म्हणतात. त्या रविवारच्या वर्गात मोजकेच विद्यार्थी येत. तिथे रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका भेटले, ते आवड म्हणून हाच अभ्यासक्रम करत होते. मी त्यांना माझे छत्तीस गुण सांगितले तेव्हा ते म्हणाले, “ताई, तुम्ही उत्तर लिहायच्या आधी प्रश्नाखाली रेघ मारता का? मारा. अन् रेघ मारलेला शब्द प्रत्येक परिच्छेदात आला पाहिजे.” सल्ला साधा होता, पण मला त्याचीच गरज होती. सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत मी रोज रात्री साडेनऊ वाजता मोबाइलवर पस्तीस मिनिटांचा गजर लावून एक उत्तर लिहिले. मुलगा दहावीचा अभ्यास त्याच टेबलावर करत असे आणि गजर झाला की दोघेही पेन खाली ठेवत असू. डिसेंबरमध्ये तो विषय सुटला.

दुसऱ्या वर्षात इतिहास-लेखन हा विषय सर्वांत कठीण आणि भारतातील शहरीकरणाचा विषय सर्वांत जिव्हाळ्याचा वाटला. गोंड राजा बख्त बुलंद याने वसवलेले, पुढे भोसल्यांची राजधानी झालेले, नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई पाहिलेले, १८५४ मध्ये खालसा झालेले आणि मग मध्य प्रांताची राजधानी म्हणून वाढलेले हे शहर त्या पुस्तिकांत क्वचितच येते, पण पुस्तिकांतला प्रत्येक प्रश्न त्याला विचारता येतो. पेठ आधी की किल्ला आधी? पाणी कुठून येत होते? रेल्वे आल्यावर बाजार कोणत्या दिशेला सरकला? एका रविवारी घरच्या सगळ्यांना घेऊन काटोल मार्गावरच्या जुनापाणीला गेले. महापाषाणयुगातील लोकांनी आपल्या मृतांसाठी रचलेली शिलावर्तुळे तिथे माळावर पसरलेली आहेत. मुलगा एका वर्तुळातले दगड मोजत होता आणि मी त्याला मराठीत समजावून सांगत होते की दगडांच्या खाली मिळालेले लोखंड आणि मातीची भांडी यांवरून त्या लोकांच्या जगण्याविषयी काय म्हणता येते आणि काय म्हणता येत नाही. बोलताना माझ्या लक्षात आले की मी इतिहास-लेखनाच्या पेपरचे एक उत्तर तोंडी देत आहे.

शेवटचा पेपर डिसेंबर २०२४ मध्ये दिला. एकूण अडीच वर्षे लागली, त्यात एक नापास पेपर आणि दहा वाया गेलेली उत्तरे आहेत. पगारात फरक पडलेला नाही आणि पडणारही नाही. ऑफिसात मी अजूनही जीएसटीचे विवरणपत्र भरते.

शब्दवही सध्या माझ्याजवळ नाही. आमच्या शेजारच्या वहिनींनी याच अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला आहे, त्यांनी ती मागून नेली. मागच्या आठवड्यात त्यांच्याकडे गेले तेव्हा पाहिले, तर ‘यंत्रणा’च्या पानावर उरलेल्या जागेत त्यांनी आपल्या बारीक अक्षरात चार नवे शब्द लिहिले होते, त्यातले दोन मलाही माहीत नव्हते.