किल्ल्यावरच्या मावळ्याचा सिलिकॉन साचा : माझा अनुभव

दिवाळीच्या किल्ल्यावर मांडायचा शाडूचा मावळा. उंची 12 सेंमी, रुंदी 5, जाडी 4. डाव्या हातात ढाल, उजवा हात तलवारीसाठी मुठीसारखा वळलेला. अशा हाताने घडवलेल्या चित्राचा, म्हणजे किल्ल्यावरच्या छोट्या मूर्तीचा, दोन भागांचा साचा मी कसा करतो, ते इथे मापांसकट लिहितो.

तलवार मी मातीत घडवतच नाही. इतकं बारीक पातं साच्यातून अखंड निघत नाही. मुठीत तारेपुरतं भोक ठेवायचं आणि तलवार नंतर बसवायची. साचा करताना ते भोक मेणाने बुजवतो. ढाल आणि छाती यांच्यामधली फटही मातीने भरून टाकतो. तिथे सिलिकॉन शिरलं, तर साचा उघडताना सगळ्यांत आधी मावळ्याचा हात मोडतो.

चित्र सावलीत पूर्ण वाळू द्यायचं. या आकाराला मी आठ दिवस देतो, पावसाळी हवेत जास्त. आत ओल राहिली तर वरची लाख पांढरी पडते आणि सुटते. वाळलेली माती सच्छिद्र असते. सिलिकॉन तिला रसायनाने चिकटत नाही, पण छिद्रांत शिरून घट्ट धरून बसतं, आणि सोडवताना चेहऱ्याचा पापुद्रा निघून येतो. म्हणून 100 मिली स्पिरिटमध्ये 20 ग्रॅम चपडी लाख रात्रभर विरघळवून तिचे तीन पातळ हात देतो, दोन हातांमध्ये तासाभराचं अंतर. जाड हात दिला की मिशीची रेघ बुजते. शेवटी मऊ ब्रशने व्हॅसलीन, तेही पुसून जेमतेम राहील इतकंच. सिलिकॉन ब्रशचा ओरखडासुद्धा उचलतं.

मी टिन-क्युअर, म्हणजे कथिलाच्या संयुगाने घट्ट होणारं, सिलिकॉन वापरतो. प्लॅटिनमच्या संयुगाने घट्ट होणारं प्लॅटिनम-क्युअर आकसत नाही म्हणण्याइतकं कमी आकसतं आणि टिकतंही जास्त, पण त्याला गंधक चालत नाही. गंधक असलेली प्लॅस्टिसिन (न वाळणारी तेलकट माती) किंवा लॅटेक्सचे हातमोजे लागले, की त्या जागी ते चिकटच राहतं. ते वापरायचं असेल तर बिनगंधकाची प्लॅस्टिसिन आणि नायट्राइलचे मोजे घ्यावेत. या कामाला टिनचं पुरतं.

साच्याचं खरं काम सांध्याच्या रेघेत, म्हणजे साच्याचे दोन भाग जिथे मिळतात त्या रेघेत, आहे. मावळ्याला प्लॅस्टिसिनच्या गादीवर उताणं झोपवून गादी बरोबर त्या रेघेपर्यंत चढवायची. फेट्याच्या माथ्यावरून, कानामागून, दंडाच्या बाहेरून, ढालीच्या कडेने, पायांपर्यंत. रेघ कधीही नाकावरून किंवा गालावरून जाऊ देऊ नये. ओतीव चित्रावर तिथे शिवण उमटते आणि ती घासताना चेहरा बदलतो. गादी आणि चित्र यांच्यात केसाएवढीही फट नको. लाकडी कोरणीने ती दाबून बंद करायला मला तासभर लागतो, आणि तो तास वाचवू नये. मग गादीवर गोल टोकाच्या काडीने सहा-सात खळगे पाडायचे. दोन्ही भाग पुढे त्यांवरच जुळतात.

सिलिकॉन ओतायची पेटी सनबोर्डची (फोमच्या हलक्या पुठ्ठ्याची), आतून 13.5 × 8 × 7 सेंमी. बैठक एका भिंतीला टेकवायची, तेच पुढे ओतायचं तोंड. बाकी सगळीकडे दीड सेंमी जागा राहते. कोपरे ग्लूगनने बंद करायचे. सुईच्या भोकातूनही सिलिकॉन रात्रभर गळत राहतं.

सिलिकॉन किती लागेल, हे गादी लावण्याआधी तांदळाने मोजतो. चित्र पेटीत ठेवून वरपर्यंत तांदूळ भरायचे आणि मापात ओतायचे. इथे 635 मिली भरले. घनता 1.15 धरून 730 ग्रॅम, वाया जाणारं धरून 800. म्हणजे प्रत्येक भागाला 400 ग्रॅम सिलिकॉन आणि 3 टक्क्यांनी 12 ग्रॅम हार्डनर, म्हणजे सिलिकॉन घट्ट करणारं रसायन. टक्केवारी डब्यावर लिहिलेली पाळावी आणि वजन 0.1 ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर करावं. हार्डनर थेंबांनी मोजणं हे साचा बिघडण्याचं सर्वांत मोठं कारण. कमी पडला तर आत चिकट, जास्त झाला तर साचा ठिसूळ होऊन कडा फाटतात.

बुडापासून, कडा खरवडत, तीन मिनिटं ढवळायचं. फेटायचं नाही. दमट, उकाड्याच्या दिवसांत ते लवकर घट्ट होतं, म्हणून उशीर चालत नाही. आधी चेहऱ्यावर आणि कपड्याच्या चुण्यांत ब्रशने पातळ थर फुंकर मारत लावायचा, मग उरलेलं हातभर उंचीवरून बारीक धारेने एका कोपऱ्यात ओतायचं. त्या धारेत बुडबुडे ताणून फुटतात. ऊन लागेल तिथे पेटी ठेवू नये, मातीतली हवा प्रसरण पावून गालावर फोड आणते.

24 तासांनी पेटी उलटी करून गादी काढायची, चित्र मात्र सिलिकॉनमधून हलवायचं नाही. आता उघड्या सिलिकॉनवर सगळीकडे, खळग्यांच्या उंचवट्यांवरही, व्हॅसलीन लावायचं. सिलिकॉनला सिलिकॉन कायमचं चिकटतं. एक बोटभर जागा सुटली तरी पुढे सुरीने कापावं लागतं. मग दुसरे 400 ग्रॅम.

साचा उघडल्यावर आणखी एक दिवस हवेवर ठेवतो. नंतर भाग जुळवून दोन फळ्यांमध्ये रबरबँडने बांधतो. जोरात आवळलं तर मावळा चपटा निघतो. 85 मिली पाण्यात 130 ग्रॅम प्लास्टर भुरभुरवून, मिनिटभर भिजू देऊन हलवायचं. अर्धं ओतून साचा तिरपा फिरवायचा, म्हणजे फेट्यातली हवा निघते. मग भरायचा. 40 मिनिटांनी काढायचा.

शाडूच्या प्रती हव्या असतील तर शाडू थेट यात दाबू नये. सिलिकॉन पाणी शोषत नाही, त्यामुळे माती सुटत नाही आणि नाक साच्यातच राहतं. त्यासाठी याच्यातून निघालेल्या प्लास्टरच्या मावळ्यावर प्लास्टरचा साचा करतो. प्लास्टर पाणी ओढतं, माती अर्ध्या तासात सुटते. तो साचा झिजला, की सिलिकॉनमधून नवा मावळा काढून पुन्हा करायचा. मूळ मातीचं चित्र बहुधा पहिल्यांदा उघडतानाच मोडतं, पण तोवर त्याची मिशी, चुण्या आणि हातावरचे बोटांचे ठसे सिलिकॉनमध्ये उतरलेले असतात.