दृश्य, एकवचन

इंटरमिजिएट ड्रॉइंग परीक्षेचा स्मरणचित्राचा पेपर होता आणि आमचीच शाळा केंद्र. आपल्याच मुलांच्या वर्गावर आपण पर्यवेक्षक असू नये, एवढं मलाही कळतं. पण त्या दिवशी एक बाई तापामुळे आल्या नाहीत. ऐनवेळी "सर, तुम्हीच बघा आता," म्हणत कोऱ्या कागदांचा गठ्ठा माझ्या हातात आला.

विषयांच्या यादीत 'बसस्थानकावरील दृश्य' होतं. असा विषय आला की अर्धा वर्ग तोच घेतो, कारण त्याचा साचा तयार असतो. डाव्या बाजूला झाड, मध्ये गावाच्या नावाचा फलक, छत्रीवाली बाई, पाठमोरा पिशवीवाला माणूस आणि लांबून येणारी लाल एसटी. हा साचा मुलांना आम्ही मास्तरच शिकवतो. मीही शिकवतो. त्यावर ग्रेड मिळते, मग उगाच खोटं कशाला बोला.

अर्ध्या तासाने फेरी मारत तिसऱ्या बाकाशी आलो आणि पाय थांबले. नववीतला तो पोरगा, मान खाली घालून बसलेला. कागदावर पट्टीने आखलेल्या चार चौकटी.

पहिलीत फलाटावर ताटकळलेली माणसं, आणि कोपऱ्यात बोचक्यावर टेकलेली एक म्हातारी. दुसरीत गाडी लागलीय, दाराशी रेटारेटी, आणि खिडकीतून आत घुसलेला एक हात, हातात रुमाल. तिसरीत कॅमेरा सरळ गाडीच्या आत: सीटवर तो रुमाल अंथरलेला आणि त्याच्यावर वरून उतरत असलेलं एका जाड्या गृहस्थाचं बूड. चेहरा चौकटीच्या बाहेरच ठेवलेला! चौथीत फलाट रिकामा. म्हातारी तिथेच आहे. तिला कुठल्या गाडीला जायचंच नव्हतं. गर्दी गेल्यावर तिने शांतपणे भाकरी सोडलीय.

नुसती पेन्सिल होती. पण टायरच्या आत आणि गाडीच्या पोटातल्या अंधारात त्याने बारीक फुल्या मारून ठेवल्या होत्या. त्या फुल्या माझ्या. म्हणजे खरं तर माझ्याही नाहीत.

मी 1986 साली कोकणातून मुंबईत आलो तो वेताळाचे अंक आणि अमर चित्र कथा उशाशी घेऊन वाढलेला. राम वाईरकरांचा कृष्ण, प्रताप मुळीकांचे पिळदार योद्धे मी बटर पेपरवर इतक्यांदा गिरवले होते की हात आपोआप तसाच वळायचा. एका ज्येष्ठ चित्रकाराकडे शाई भरायच्या कामाला लागलो. ते छापील पानाच्या दीडपट कागदावर पेन्सिलने पान काढत. मी दोन नंबरच्या ब्रशने आणि निबने ते काळं करायचो. जिथे गच्च काळं भरायचं तिथे ते बारीक फुली मारून ठेवत, म्हणजे विचारायला जायला नको. पहिल्या महिन्यात एका राजाच्या कपाळावरची फुली मी इमानाने काळी करून टाकली. तो गंधाचा टिळा होता. पांढऱ्या रंगाचे तीन हात दिले तेव्हा कुठे राजा सुधारला.

पुढे पेन्सिलचं कामही मिळू लागलं. पैसे पानामागे मिळत. 1990 मध्ये वेताळ छापणारी इंद्रजाल कॉमिक्स बंद पडली, त्यानंतर घराघरांत केबल आली आणि माझी कामं आटत गेली. मी एटीडी, म्हणजे कलाशिक्षकाची पदविका, केली आणि ड्रॉइंगचा मास्तर झालो. शनिवारी शाळा सुटल्यावर पाच-सहा पोरं थांबतात, त्यांना चित्रकथा शिकवतो. 'टिंकल' मासिकातला वसंत हळबेंचा शिकारी शंभू दाखवतो: डोळे कायम टोपीखाली, तरी माणूस टरकलाय हे गुडघ्यांवरून कळतं. चेहरा न काढता माणूस काढा, म्हणतो. या पोराने ते जरा जास्तच मनावर घेतलेलं दिसत होतं.

आता सांगतो मी काय केलं ते.

ए ग्रेडचे दहावीत 7 वाढीव गुण मिळतात, बीचे 5, सीचे 3. त्याचे वडील रिक्षा चालवतात. टक्क्यांसाठी त्याने गणिताची शिकवणी लावलीय, ते पैसे कुठून येतात तेही मला माहीत होतं. प्रश्नात एक दृश्य मागितलंय आणि याने चार दिलीत. तपासणाऱ्यापुढे हजारो कागद असतात. एखादा हसला असता, एखाद्याने 'विषयाला सोडून' म्हणून बाजूला टाकला असता. मी त्याच्या बाकाजवळून तीनदा गेलो. पर्यवेक्षकाने बोलायचं नसतं. खिडकीशी जाऊन मैदानाकडे बघत उभा राहिलो. तिथे पीटीचे सर चुन्याने रेघा मारत होते.

मग वळलो आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणालो, "प्रश्न पुन्हा एकदा नीट वाचा. 'दृश्य' हे एकवचन आहे."

पस्तीस डोकी वर झाली. चौतीस जणांना काही कळलं नाही, ती पुन्हा खाली गेली. त्याने माझ्याकडे पाहिलं, प्रश्नपत्रिकेकडे पाहिलं. खोडरबर काढलं.

एकदा मी एक अख्खं पान संवादाच्या फुग्यांशिवाय काढलं होतं. युद्ध संपल्यावरचं रण, पाच चौकटी, एक शब्द नाही. संपादकांनी ते बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "चांगलंय हो. पण वाचणारा पैसे देतो, त्याला वाचायला काहीतरी हवं." मी मुकाट घरी नेलं आणि आकाशात जागा करून तीन फुगे बसवले. पुढची कित्येक वर्षं चारचौघांत मी त्या माणसाच्या नावाने बोटं मोडत होतो. खोडरबराचा आवाज ऐकताना तो माणूस आठवला. त्याचाही नाइलाज असेल कदाचित. तेवढ्याने माझा राग गेला असं नाही.

उरलेल्या वेळात पोराने साच्यातलं चित्र उभं केलं. झाड, फलक, छत्रीवाली बाई, एसटी. हात तयार आहे त्याचा, सुबक झालं. शेवटी कागद गोळा करताना मी त्याचा कागद उजेडात तिरका धरला. पट्टी दाबून आखलेली रेघ खोडली तरी कागदावर चर राहतो आणि पातळ रंग त्या चरात जाऊन बसतो. आकाशाच्या निळ्यात मधोमध एक उभी रेघ जराशी गडद दिसत होती. खाली फलाटाच्या करड्या रंगात आडवी. समोर धरलं की दोन्ही नाहीशा.

हे कागद परत मिळत नाहीत. निकालात त्याला ए ग्रेड आली. घरून पेढे आले, मी खाल्ले.

पण हे नंतरचं. त्या दिवशी पेपर सुटल्यावर तो नळावर ब्रश धूत होता. मी शेजारच्या नळाशी हात धुवायला गेलो, जे स्वच्छच होते.

"सर," तो ब्रश झटकत म्हणाला, "खिडकीतला रुमाल ठेवलाय मी. दिसला का?"

"दिसला."

"आतला माणूस नाही मावला."

"अंधार तर केलायस खिडकीत."

"हो, तिथे फुली होती ना," तो म्हणाला, आणि ब्रश पुन्हा नळाखाली धरला.