तुम्ही विचारलंत म्हणून: मी लाईनवरच्या माणसांची बाजू का घेते

“तुम्ही नक्की कोणाच्या बाजूच्या?” वीज नियामक आयोगाच्या सुनावणीतून बाहेर पडताना हा प्रश्न येतो, कोथरूडला आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये येतो, गावाकडच्या लग्नात पंगतीत तर हमखास येतो. मग त्याच्या मागोमाग बाकीचे. वीज कंपनीकडून काही मिळतं का? नवरा तिथं नोकरीला आहे का? रात्र-रात्र अंधारात बसवून जे साधा फोन उचलत नाहीत, त्यांच्यासाठी तुम्ही कशाला भांडता? आजवर मी ज्याला त्याला तुकड्या-तुकड्यानं उत्तर दिलं. आता एकदाच नीट सांगते.

आधी व्यवहाराचं. मला कुणाकडून एक पैसा मिळत नाही आणि घरातलं कुणी वीज खात्यात नाही. मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला, चाकणच्या एका कारखान्यात सुरक्षेचं काम बघते. माहेर आंदर मावळात. बिल चुकीचं आलं की मीही भांडते. दरवाढीच्या विरोधात आयोगापुढं बोलले आहे आणि पुढंही बोलेन. पण गावाकडची लाईन, तिच्यावर चढणारी माणसं आणि वादळानंतर ती लाईन कशी उभी करायची याचे नियम, एवढ्यापुरती मी त्यांच्या बाजूनं बोलते. कुणी काहीही म्हटलं तरी बोलणार.

आमच्या कारखान्यात पॅनलला हात लावायचा तर आधी परमिट. मग स्विच बंद करून त्याला कुलूप, किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात, वर त्याच्या नावाची पाटी. मग टेस्टर लावून खात्री. उत्पादन थांबलंय म्हणून मॅनेजर डोक्यावर येऊन उभा राहिला तरी कुलूप निघत नाही. ही शिस्त कुणाच्या चांगुलपणावर चालत नाही. तिच्यामागं कायदा आहे, पैसा आहे आणि ‘थांबा’ म्हणणाऱ्याची नोकरी जाणार नाही हा भरवसा आहे. तिथून गाडीनं दीड-दोन तासांवर, माझ्या गावात, ११ हजार व्होल्टची लाईन फोनवर बंद होते. वायरमन सबस्टेशनच्या ऑपरेटरला म्हणतो, “बंद कर.” तो म्हणतो, “केली.” आणि माणूस खांबावर चढतो.

आता ती गोष्ट. ही मी सुनावणीत कधी पुरती सांगितलेली नाही, कारण तिथं प्रत्येकाला मिनिटं मोजून मिळतात.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्याला धडकलं. सगळ्यांचं लक्ष कोकणाकडं होतं आणि ते योग्यच होतं. पण वादळ घाट चढून मावळ, मुळशी, खेड, जुन्नरपर्यंत आलं. टाळेबंदीनंतर कारखाना पुरता सुरू झाला नव्हता, म्हणून मी गावीच होते. पत्रे उडाले, आंब्याची झाडं तारांवर आली, शिवारात खांब ओळीनं आडवे झाले. लाईट गेल्याबरोबर नळयोजनेची मोटार बंद, गिरणी बंद. मग मोबाईल टॉवरचं डिझेल संपलं आणि दवाखान्याला फोन लागेना. ज्यांनी हे दिवस काढलेत त्यांना मी वेगळं काय सांगणार.

आमच्या बाजूला वायरमन एकच, त्याच्याकडं गावं कितीतरी. जोडीला ठेकेदाराच्या टोळ्या आल्या. खड्डे गावानं खणले, खांब गावच्या पोरांनी दोर लावून ओढले. आमच्याकडं हे असंच होतं आणि कुठल्याच कागदावर त्याची नोंद होत नाही.

ज्या दिवशी आमचा फाटा, म्हणजे मुख्य लाईनवरून आमच्याकडं येणारी लाईन, सुरू होणार होता, त्या दिवशी दुपारपासून वायरमनचा फोन थांबला नाही. शेजारच्या गावचे सरपंच, एका पुढाऱ्याचा माणूस, गिरणीवाले, ज्यांच्या घरी आजारी माणूस होतं ते. म्हणणं एकच: काही करा, पण आज लाईट द्या. काम थोडकं उरलं होतं, एका खांबावर जंपर, म्हणजे दोन तारा जोडणारा तुकडा, बांधायचा. लाईन तोडायचा खांबावरचा एबी स्विच ओढलेला होता, सबस्टेशनचा निरोप आलेला होता. दोन्ही बाजूंनी लाईन शॉर्ट करून अर्थ करायला रॉडचा जो संच लागतो, तो मात्र दुसऱ्या टोळीबरोबर ओढ्यापलीकडं गेला होता. दोन टोळ्यांत संच एक. वायरमन म्हणाला, “संच येऊ दे, मग चढू.” तेवढ्यात त्याचा फोन पुन्हा वाजला. तो बोलत बाजूला झाला. ठेकेदाराचा हेल्पर, विशी-बाविशीतला पोरगा, म्हणाला, “दोन मिनिटांचं काम आहे, मी करतो.” आणि चढला.

फाट्याच्या पुढं एक फार्महाऊस आहे, त्याला स्वतंत्र डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर. टाळेबंदीत मालक मंडळी तिथंच राहायला आली होती. त्याच वेळी त्यांनी जनरेटर चालू केला. जनरेटर आणि लाईन एकमेकांना जोडली जाऊ न देणारा चेंजओव्हर स्विच बिघडला होता, म्हणून कुणीतरी जनरेटरची केबल थेट जोडून दिली होती. डीपी दोन्ही दिशांनी काम करतो, हे वीज शिकलेल्या कुणालाही ठाऊक असतं. ११ हजारांचे ४३३ करतो, आणि खालून चारशे दिले की वर पुन्हा हजारो करतो. सबस्टेशनकडून लाईन बंदच होती. ऑपरेटर खोटं बोलला नव्हता. वीज दुसऱ्या टोकाकडून आली.

मी खांबाखाली उभी होते. कमरेला पट्टा होता म्हणून तो खाली पडला नाही, पट्ट्यातच लटकत राहिला. वायरमनला आता जनरेटरचा आवाज ऐकू आला आणि तो ओरडत फार्महाऊसच्या दिशेनं पळत सुटला. खाली उभी असलेली पोरं वर चढायला धावली. मी त्यांना आडवी गेले. एकेकाचा दंड धरून मागं खेचलं. त्यात त्याचा जिवलग मित्र होता, त्यानं मला शिव्या दिल्या, ढकललं, मी सोडलं नाही. जनरेटर बंद झाल्याचं वायरमननं ओरडून सांगेपर्यंत मी कुणालाही खांबाला हात लावू दिला नाही. शिकवतात ते हेच आणि तेच बरोबर आहे. तो मित्र आजही माझ्याशी बोलत नाही. गावात समोर आला की रस्ता बदलतो. त्याच्या जागी मी असते तर मीही बहुधा तेच केलं असतं.

खांबावरच्या पोराला पिकअपमध्ये घालून पुण्याला नेलं. पोरगा वाचला. उजवा हात कोपराच्या वर कापावा लागला.

गावात लाईट दुसऱ्या दिवशी आली.

वीज कायद्याच्या कलम १६१ प्रमाणं अपघात कळवावा लागतो, विद्युत निरीक्षकाकडून चौकशी होते. तशी ती झाली. निष्कर्ष असा की अर्थिंग न करता काम केलं गेलं. वायरमनवर कारवाई झाली. फार्महाऊसला नोटीस गेली, त्यांनी नवा चेंजओव्हर बसवला. पोरगा कंपनीच्या पटावर नव्हता, आणि ठेकेदाराचं म्हणणं की तो आपणहून चढला. अहवालात लिहिलेलं एकही वाक्य खोटं नाही. नियम मोडला होता, हे मी स्वतः सुरक्षेचं काम करत असताना कसं नाकारू? पण त्या अहवालात दुपारपासून आलेले फोन नाहीत. ओढ्यापलीकडं गेलेला संच नाही. दोन टोळ्यांना एक संच देण्याचं कुणी ठरवलं, हा प्रश्नसुद्धा नाही.

म्हणून मी बोलते. देशात दरवर्षी विजेचा धक्का लागून दहा हजारांहून जास्त माणसं मरतात. त्यात पंपाच्या पेटीला हात लावणारे शेतकरी आहेत, तुटलेल्या तारेवर पाय पडलेले आहेत आणि खांबावर चढणारेही आहेत. महापूर आला, दरड कोसळली की बचाव पथकांचे फोटो येतात, आणि यायलाच हवेत. त्याच रात्री गुडघाभर चिखलातून लाईन तपासत, उसात बिबट्या असेल या धास्तीनं बॅटरी मारत चालणारा माणूस कुणाच्या लेखी आपत्तीतला कर्मचारी नसतो. त्याला फक्त ‘लाईट कधी येणार’ एवढंच विचारतात.

पैशाचंही बघा. आपत्ती निधीच्या २०१५ ते २०२० च्या निकषांत पडलेल्या खांबामागं ४,००० रुपये, तारेच्या किलोमीटरमागं ५० हजार आणि निकामी डीपीमागं १ लाख रुपये मदत धरली होती. खांब, तार, डीपी. ते उभं करणाऱ्याच्या हातात काय असावं, याचा त्या ओळीत कुठं उल्लेख नाही.

आता माझ्याशीच माझं जे भांडण आहे ते सांगते. २०१४ साली आयोगानं सेवेच्या मानकांचे नियम केले, तेव्हा मी पलीकडच्या बाजूला होते. डीपी जळाला तर गावाला ४८ तासांची मुदत आणि शहराला कमी, हा सरळसरळ दुजाभाव आहे असं मी तावातावानं मांडलं होतं. उशीर झाला की भरपाई मिळालीच पाहिजे, न मागता मिळाली पाहिजे, असंही. ती तरुण बाई आजही मला विचारते: दट्ट्या नसेल तर गावाकडं बघतं कोण? आणि मला तिला खोडता येत नाही. खरंच बघत नाहीत. कोथरूडला वीस मिनिटं लाईट गेली तर आमच्या सोसायटीत गदारोळ होतो. गावाला चार दिवस गेली तर बातमी आतल्या पानावर. वेळेची सक्ती काढून टाका असं मी आजही म्हणत नाही. काही सुनावण्यांत माझं म्हणणं तसं ऐकलं गेलं, ते मला मान्य नाही.

जाणकार मला अडवतात: नियमांत चक्रीवादळ, पूर, भूकंप यांना सूट आहेच, मग दबाव कसला? कागदावर सूट आहे, बरोबर. पण त्या पोराला आयोगाचा फोन आलेला नव्हता. त्याच्यापर्यंत जो दबाव पोहोचला तो सरपंचांचा, पुढाऱ्याचा, गिरणीवाल्याचा. त्याला कुठलाच नियम अडवत नाही.

आणि हेही कबूल करते की माझी वकिली कंपनीला सोयीची पडते. ‘ग्रामीण भागात माणसं कमी आहेत’ हे माझ्या निवेदनातलं वाक्य मी नंतर दरवाढीच्या समर्थनात ऐकलंय. अंगाचा तिळपापड झाला. माणसं कमी आहेत हे खरं असलं, तरी वाढीव दरातून माणसं भरली जातील हे कुणी लिहून देत नाही. तरीही ते वाक्य मी मागं घेतलं नाही, कारण ते खरं आहे. तुम्ही त्याला कंपनीची बाजू म्हणत असाल तर म्हणा.

कुणी म्हणतात, सहकारी संस्था असती तर असं झालं नसतं. १९६९ च्या सुमारास देशात पाच ठिकाणी ग्रामीण वीज सहकारी संस्थांचा प्रयोग झाला, त्यात आपली श्रीरामपूरची मुळा-प्रवरा होती. तिचा परवाना २०११ मध्ये संपला. कोल्हापूरच्या पलीकडं, बेळगाव जिल्ह्यात हुक्केरीची संस्था अजून आहे. मला सहकाराबद्दल आदर आहे. पण खांबावरच्या माणसाला मालक कोण याच्या आधी आपला संच कुठं आहे हे कळायला हवं.

मी मागते ते फार नाही. प्रत्येक टोळीला, ठेकेदाराच्यासुद्धा, स्वतःचा अर्थिंगचा संच आणि व्होल्टेज तपासायची काठी. आपत्तीच्या दिवसांत लाईनवरच्या माणसाचा फोन तालुक्याच्या नियंत्रण कक्षाकडं वळवायचा, म्हणजे पुढाऱ्याला बोलायचं तर कक्षाशी बोलावं. आणि तालुक्यातल्या जनरेटरांची यादी: फार्महाऊस, मंगल कार्यालयं, पॉलिहाऊस, दवाखाने. दर मे महिन्यात मान्सूनपूर्व आढाव्याआधी त्यांचे चेंजओव्हर तपासायचे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याप्रमाणं जिल्ह्याचा आराखडा असतो, त्यात बोटी असतात, जेसीबी असतात, पोहणाऱ्यांची नावं असतात. जनरेटर का नसावेत? या एका मागणीवर मला महसूलवाल्यांनी कंपनीकडं पाठवलं, कंपनीनं निरीक्षकांकडं, आणि तिथं सांगितलं की एवढे लहान जनरेटर तपासायला माणसं नाहीत. मी पुन्हा पहिल्या दारात जाऊन अर्ज दिला.

सगळ्यात अवघड प्रश्न मात्र बाहेरच्यांचा नाही, माझ्या धाकट्या भावाचा आहे. तो गावीच असतो, आईला तोच बघतो. दिवाळीत मला म्हणाला, “ताई, पुढच्या वादळात आईला ऑक्सिजनची मशीन लावलेली असली, तर तू रॉड यायची वाट बघशील?” मी म्हणाले, बघेन. त्याला पटलं नाही. म्हणाला, “पुण्यात इन्व्हर्टरखाली बसून हे बोलणं सोपं आहे. इथं सगळ्यांसमोर बोल.”

म्हणून १ मेच्या ग्रामसभेत हा विषय घ्यायला मी सरपंचांना सांगितलंय. जनरेटरांची गावापुरती यादी तिथंच करायची, तालुका करेल तेव्हा करेल. फार्महाऊसवाल्यांनाही बोलावलंय. भाऊ विरोधात बोलणार आहे, तसं त्यानं मला आधीच सांगून ठेवलंय.