लाडबोरीची रिंग आणि कूस बदलणारं यान

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. अंगणात बसलो होतो, तर आभाळातून जळत्या रेघा सरकत गेल्या. आईनं हातच जोडले. रात्री कळलं, आमच्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला धातूची भली मोठी रिंग पडली. चिनी रॉकेटचा तुकडा असावा, असं पुढे सांगण्यात आलं.

बरोबर वर्षानं, २ एप्रिल २०२३ ला, चित्रदुर्गजवळ हेलिकॉप्टरनं साडेचार किलोमीटरवरून सोडलेलं इस्रोचं पंखवालं यान आपलं आपण धावपट्टीवर उतरलं. त्यालाही इंजिनाचा आधार नव्हता. आठवीतली एक पोरगी म्हणाली, "सर, दोन्ही पडलेच नं? मंग फरक काय?"

हा प्रश्न मला फार आवडला.

इंजिन नाही म्हणजे उंची आणि वेग एवढीच शिदोरी. वाटेत भर पडत नाही. ती धावपट्टीशीच संपायला हवी, आधीही नाही आणि उरायलाही नको. अमेरिकेचं स्पेस शटल आवाजाच्या सुमारे २५ पट वेगानं हवेत शिरायचं आणि तिथून ८,००० किलोमीटर नुसतं तरंगत यायचं. लवकर खाली आलं तर दाट हवेत भयंकर तापणार. फार वर राहिलं तर वेग मोडणार नाही, मुक्काम मागे पडणार. म्हणून नाक ४० अंशांवर उचललेलं ठेवायचं आणि यान कुशीवर वळवायचं. कुशीवर गेलं की पंखांचा जोर थोडा बाजूला जातो, वर उचलणारा जोर घटतो, यान खाली येतं, वेग मोडतो. पण वाटही बाजूला ओढली जाते. मग दुसरी कूस. वरून पाहिलं तर वाट नागमोडी.

ऑस्ट्रियाच्या ऑयगेन झेंगर या रॉकेट-अभियंत्यानं १९४४ च्या अहवालात वेगळी वाट मांडली होती: हवेवर उड्या घेत जायची. ती दाखवायला मी पोरांना मामा तलावावर नेलं. चपटी खापरी पाण्याला टेकून उसळायची, दर खेपेला उडी आखूड. यानाला मात्र प्रत्येक टेकण्यात उष्णतेचा तडाखा बसतो.

वाट आधी आखलेली असते, तरी वरची हवा रोज सारखी नसते. म्हणून उरलेलं अंतर आणि उरलेला वेग यांचा हिशेब संगणक उतरतानाही करत राहतो.

पोरीनं वहीच्या मागच्या पानावर पहिलं वळण काढलं. दुसरं कुठे घ्यायचं, विचारलं, तर पेन्सिल कागदावर टेकवून ती बराच वेळ थांबली.