जयकर ग्रंथालयात, ओव्यांच्या मागावर

साताऱ्याहून सकाळची एसटी, स्वारगेटला उतरून पीएमटी आणि मग विद्यापीठ चौकातलं ट्रॅफिक, त्यावर पुणेकरांनी इतकं लिहून ठेवलंय की मी काय भर घालणार. पुणे विद्यापीठाच्या गेटच्या आत मात्र वेगळंच गाव, मोठाले वड, पारंब्या, गारवा. मुख्य इमारत म्हणजे मुंबईच्या गव्हर्नरचा पावसाळी बंगला, २२ जून १८९७ ला राणीच्या हीरकमहोत्सवाच्या समारंभाहून परतताना प्लेगचा अधिकारी रँडवर चापेकरांनी गोळी झाडली तो समारंभ इथलाच. मी तिथेच रेंगाळलो तर भाची म्हणे, "मामा, चल की आता, फोटो नंतर काढ."

भाची मराठीत एम.ए. करतेय आणि मला जात्यावरच्या ओव्यांवर कुणी काय काय काम केलंय ते बघायचं होतं. म्हणून जयकर ग्रंथालय. नाव पहिल्या कुलगुरूंचं, बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, विद्यापीठ १९४९ चं. नोंदवहीत नाव, ओळखपत्र, बॅग बाहेर, मग आत.

पुस्तकं आहेतच, पण मला विचाराल तर खरा माल पीएचडीच्या प्रबंधांत. एकेका तालुक्यातली लोकगीतं, लग्नविधी, बोली, कुणीतरी उन्हातान्हात वर्षानुवर्षं हिंडून गोळा केलेलं, आणि त्यातलं बरंचसं कधी पुस्तक म्हणून आलंच नाही. जाडजूड बांधणी, आत टाइपरायटरची अक्षरं. हे घरी नेता येत नाही, तिथेच बसून वाचायचं.

आता असे देशभरातले प्रबंध शोधगंगा या वेबसाइटवर येतात, विद्यापीठांची ग्रंथालयं जोडणारं गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र ती चालवतं, लॉगिन लागत नाही, फुकट. प्रत्येक प्रकरणाची पीडीएफ वेगळी असते त्यामुळे फोनवर उतरवायला बरं. पण मराठीत सर्च मारायचा म्हणजे नशिबाचा खेळ! जुने प्रबंध नुसते स्कॅन, म्हणजे कॉम्प्युटरला ते चित्रच, आणि मधल्या काळातले युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये, कॉपी केलं की भलतीच अक्षरं येतात. वर शीर्षक रोमनमध्ये टाकलेलं असेल तर ओवीचं स्पेलिंग ज्याला जसं सुचेल तसं. भाचीची युक्ती बेस्ट आहे, सर्चच्या नादी लागायचंच नाही, विद्यापीठ निवडायचं, मग विभाग, आणि यादी वरून खाली वाचत जायची. कंटाळवाणं आहे पण सापडतं.

जर्नल्सचं, म्हणजे संशोधनाच्या नियतकालिकांचं, प्रकरण निराळं. ती महागडी, कॉलेजांना परवडत नाहीत, म्हणून केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' मंजूर केलं, ३० प्रकाशकांची जवळपास १३,००० जर्नल्स सरकारी संस्थांतल्या विद्यार्थ्यांना. छानच आहे, पण माझ्यासारख्या बाहेरच्याला त्याचा उपयोग शून्य, आणि ओव्यांवर त्यात असून असून किती असणार.

ओव्यांसाठी दुसरं ठिकाणही पुण्याचंच निघालं. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हँ यांनी गावोगाव बायकांकडून गोळा केलेल्या एक लाखाहून जास्त ओव्या, त्या आता पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) साइटवर आहेत, कितीतरी तर बायकांच्या आवाजात ऐकताही येतात. प्रबंधात अर्थ, वर्गीकरण, तळटिपा सगळं मिळतं, चाल मात्र इथेच. भाचीला म्हटलं, तुझा विषय ठरत नसेल तर हे दोन्ही शेजारी ठेवून बघ. ती म्हणाली, "गाइडला विचारते," आणि आम्ही चहाला गेलो.