तुम्ही विचारलंत म्हणून: मी नेमका कुणाच्या बाजूचा?

नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झालो तरी धर्म आणि शासन यांच्या संबंधांवर बोललो की हा प्रश्न मला हमखास येतो. शाहबानोचे नाव काढले की काही जण मला एका पक्षात ढकलतात आणि शबरीमलाचे, म्हणजे दहा ते पन्नास वयाच्या स्त्रियांना प्रवेश नाकारणाऱ्या केरळमधील मंदिराचे, काढले की दुसऱ्या. माझी तक्रार मात्र दोन्हींकडे एकच आहे.

वर्गात मी फळ्यावर एक आकडा लिहीत असे: 179 रुपये 20 पैसे. इंदूरच्या शाहबानो यांना साठी उलटल्यावर वकील नवऱ्याने तलाक दिला आणि उच्च न्यायालयाने त्यांना मंजूर केलेली दरमहा पोटगी एवढीच होती. एप्रिल 1985 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, तेव्हा राजीव गांधी सरकारचे मंत्री आरिफ मोहम्मद खान यांनी लोकसभेत त्या निकालाचे समर्थन केले. मौलवींचा विरोध वाढताच त्याच सरकारने 1986 मध्ये निकालाचा परिणाम पुसणारा कायदा आणला आणि खान यांनी राजीनामा दिला. त्याच वर्षी 1 फेब्रुवारीला, जिल्हाधिकारी व पोलीस अधीक्षक यांनी हरकत घेतली नसल्याने, फैजाबादच्या न्यायालयाच्या आदेशाने अयोध्येतील बाबरी मशिदीच्या वादग्रस्त वास्तूचे कुलूप हिंदूंच्या पूजेसाठी उघडले गेले आणि सरकारी दूरदर्शनने ते देशाला दाखवले. एकीकडे न्यायालयाचा निकाल नको आणि दुसरीकडे न्यायालयाचा आदेश हवा, हे मला आजही पटलेले नाही.

पुढे पात्रे बदलली. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिहेरी तलाक (एका दमात तीनदा ‘तलाक’ म्हणून पत्नीला सोडणे) रद्द केला, तेव्हा भाजपने त्याचे स्त्रियांच्या समानतेचा विजय म्हणून स्वागत केले, आणि तेही योग्यच होते. परंतु 28 सप्टेंबर 2018 रोजी शबरीमलाचे दार सर्व वयाच्या स्त्रियांसाठी उघडण्याचा निकाल लागताच अमित शहा यांनी कन्नूरमध्ये, न्यायालयांनी अमलात आणता येतील असेच आदेश द्यावेत, असे सांगितले. केरळमधील काँग्रेसही तेथे श्रद्धेच्याच बाजूने उभी राहिली. मुसलमान स्त्रीसाठी संविधान आणि हिंदू स्त्रीसाठी परंपरा, अशी वाटणी कोणत्याही पक्षाला करता येणार नाही, एवढेच मी म्हणतो.

मंत्र्याच्या खासगी पूजेला किंवा नमाजाला माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो शासनाने सोयीनुसार बाजू बदलण्याला, आणि तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे शाहबानो येतात. निकाल जिंकल्यानंतर काही महिन्यांतच, समाजाच्या दबावाखाली, आपल्याला तो निकाल नको असे त्यांनी जाहीर केले होते.